बसलेली गाय आणि पेशीची दारं : कॅल्शियम चॅनेल समजून घ्यायचे कसे

दिवाळीनंतर अहमदपूर तालुक्यात बहिणीकडं गेलो होतो. पहाटे दाजींची हाक आली, "सर, जरा इकडं या बरं. गाय उठंना झालीय." दाजीसुद्धा मला सरच म्हणतात; पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवल्यावर नात्याचं नाव गळून पडतं.

गाय संकरित, तिसऱ्या वेताची, आदल्या संध्याकाळीच व्यालेली. पाय पोटाखाली घेऊन बसलेली, मान मागं वळवून तोंड बरगडीला टेकवलेलं. कान हाताला गार. नाक कोरडं. रात्रभर शेण नाही, रवंथ नाही. शेजारचे अप्पा कुंपणापलीकडूनच म्हणाले, "कॅल्शियम उतरलंय. डॉक्टरला फोन लावा, तोंडानं काही पाजू नका." दोन्ही सल्ले बरोबर होते. अशा जनावराला नीट गिळता येत नाही, पाजलेलं फुफ्फुसात जातं. आम्ही तोवर भुशाची पोती लावून तिला छातीवर बसती ठेवली, कारण कुशीवर आडवी पडली की पोट फुगतं.

डॉक्टर आले, मानेच्या शिरेतून ४५० मिलिची कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली लावली आणि दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप छातीला धरून बसले. धार अगदी बारीक. बारावीतला भाचा मला विचारतो, "मामा, गायीच्या हाडांत एवढं कॅल्शियम आहे, मग तिला उठता का येत नाही? आणि बाटली इतकी हळू कशाला?"

या दोन प्रश्नांची उत्तरं कॅल्शियम चॅनेलमध्ये, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या (पेशीपटलातल्या) कॅल्शियमच्या दारांमध्ये आहेत. पुस्तकात हा धडा एका आकृतीत उरकतात: पटल, त्यात भोक, भोकातून जाणारे गोळे. ती आकृती पाठ करून कुणाला काही समजलेलं मी पाहिलेलं नाही. कागद-पेन्सिल घ्या, मी सांगतो त्या क्रमानं जा.

पायरी पहिली: दार नको, आधी दोन्ही खोल्या काढा

कागदावर आडवी दुहेरी रेघ मारा. हे पेशीपटल, जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, मुख्यतः मेदाचं. तेलातून मीठ जात नाही, तसे यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, जात नाहीत. रेघेच्या वर (पेशीबाहेर) लिहा: मुक्त कॅल्शियम १.२ मिलिमोलर; मिलिमोलर हे द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक. खाली (पेशीच्या आत) लिहा: ०.०००१ मिलिमोलर. भागाकार करा. १२,००० पट फरक आला.

इथं दोन मिनिटं थांबा, कारण अख्खा विषय या भागाकारात आहे. पेशी आतलं कॅल्शियम इतकं कमी का ठेवते? पेशीत ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम-फॉस्फेट एकत्र आले की घट्ट क्षार बसतो. हाडं त्याच जातीच्या क्षाराची बनलेली आहेत. आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो कार्बोनेटचा. पण आत थर चढू द्यायचा नाही ही अक्कल तीच. म्हणून पेशी कॅल्शियम सतत बाहेर फेकते. आणि जागा एवढी रिकामी असल्यामुळंच, आत आलेलं मूठभर कॅल्शियमसुद्धा लगेच जाणवतं. कॅल्शियमचा निरोप म्हणून उपयोग होतो तो यामुळं.

हिशोब करून बघा. १० मायक्रॉन व्यासाची गोल पेशी धरा. तिच्यात मुक्त कॅल्शियमचे आयन किती? साधारण ३० हजार. सोडियमचे? ३०० कोटींच्या घरात. आता एका कॅल्शियम चॅनेलमधून सेकंदाला काही लाख आयन जातात. ३ लाख धरले तर १ मिलिसेकंदात ३००. असे १०० चॅनेल १ मिलिसेकंद उघडले की ३० हजार आयन आत. कॅल्शियम दुप्पट! तेवढेच सोडियमचे आयन आत आले असते तर लाखात एकाची भर, कुणाला पत्ताही लागला नसता. प्रत्यक्षात आलेल्या आयनांपैकी बहुतेकांना आतली प्रथिनं ताबडतोब धरून ठेवतात, त्यामुळं सगळी पेशी भरत नाही. पण दाराच्या तोंडाशी, दहा-वीस नॅनोमीटरच्या टापूत, क्षणभर कॅल्शियम शेकडो पटींनी वाढतं. हा "दाराशीच" शब्द लक्षात असू द्या, गायीकडं परतताना लागेल.

पायरी दुसरी: विजेचा ओढा मोजा

विश्रांतीत पेशी आतून बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. ऐकायला किरकोळ. पण ते ७० मिलिव्होल्ट ५ नॅनोमीटरवर पडलेले असतात; मीटरच्या हिशोबात १ कोटी ४० लाख व्होल्ट होतात. कोरड्या हवेत मीटरला ३० लाखांच्या आसपास ठिणगी पडते. म्हणजे अवकाळीत वीज पडताना जो ताण असतो त्याहून जास्त ताण तुमच्या प्रत्येक चेतापेशीच्या पटलात याक्षणी आहे.

आता नर्न्स्टचं सूत्र: किती व्होल्टला आयनाचा ओघ थांबेल ते यातून कळतं. १२,००० चा लॉग ४.०८. शरीराच्या तापमानाला गुणक ६१.५, कॅल्शियमवर दोन धन भार, म्हणून भागिले २. उत्तर येतं सुमारे +१२५ मिलिव्होल्ट. आतली बाजू इतकी धन झाली तरच कॅल्शियम आत यायचं थांबेल. ती तर −७० वर आहे. दोन्हीतलं अंतर १९५ मिलिव्होल्ट. गर्दीही आत ढकलते, वीजही आतच ओढते. परीक्षेत मुलं हा हिशोब करतात आणि पुढं जातात. मी म्हणतो कागदावर वरून खाली दोन जाड बाण काढा, एकाच दिशेचे.

वर्गात आम्ही सगळेच नाथसागराचा दाखला देतो: जायकवाडीचे २७ दरवाजे, वर पाणी, खाली गोदावरी. दाखला इथपर्यंत ठीक. पुढं तो फसतो. धरणाचं दार उघडलं की पाण्याबरोबर गाळही जातो, कचराही. कॅल्शियम चॅनेल निवड करतो. आणि पैठणला सोडलेलं पाणी लगेच उपसून परत धरणात टाकावं लागत नाही. पेशीला ते करावं लागतं, दर वेळी.

पायरी तिसरी: दाराची शिवण

चॅनेल म्हणजे एक लांबलचक प्रथिन, सुमारे २ हजार अमिनो आम्लांचं. वाकळ शिवताना दोरा वरून खाली, खालून वर जातो तसं हे प्रथिन पटलातून २४ वेळा आरपार गेलेलं असतं. सहा टाक्यांचा एक गट, असे चार गट. चारही गोल बसतात आणि मधे पोकळी राहते. प्रत्येक गटातला चौथा टाका, म्हणजे एस-४, महत्त्वाचा. त्याच्यावर दर तिसऱ्या जागी धन भाराचं अमिनो आम्ल आहे. आतली बाजू ऋण असते तोवर हा टाका आत ओढलेला राहतो, दार बंद. चेतातंतूतून आवेग आला, आतली ऋणता कमी झाली, की एस-४ बाहेरच्या बाजूला सरकतो आणि पाचव्या-सहाव्या टाक्यांना ताणून दार उघडतो. म्हणजे दाराला कडी आहे ती विजेची. सोबत दोन-तीन मदतनीस प्रथिनं असतात. त्यातल्या अल्फा-२-डेल्टा नावाच्या एकालाच चिकटून गाबापेंटिन आणि प्रीगाबॅलिन ही चेतांच्या दुखण्यावरची औषधं काम करतात.

सगळे कॅल्शियम चॅनेल विजेवर उघडत नाहीत. काही रासायनिक निरोपावर, काही उष्णतेवर उघडतात. एक आपल्या ताटातच आहे, त्याच्याकडं येतोच.

पायरी चौथी: सोडियम का घुसत नाही

मला या विषयात सर्वांत आवडणारी जागा. सोडियम आयनाची त्रिज्या ०.१०२ नॅनोमीटर, कॅल्शियमची ०.१००. जवळपास जुळी भावंडं. बाहेर सोडियम कॅल्शियमच्या १०० पटींहून जास्त. तरीही चॅनेलमधून जवळजवळ फक्त कॅल्शियम जातं. चाळणीनं हे जमणार नाही. भोक एवढं लहान असूच शकत नाही की एक जाईल आणि दुसरा अडकेल.

उत्तर १९८४ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी जवळपास एकाच वेळी दिलं: वोल्फहार्ड आल्मर्स व एडविन मॅक्लेस्की, आणि पीटर हेस व रिचर्ड त्सिएन. बाहेरचं कॅल्शियम पार काढून टाकलं तर याच चॅनेलमधून सोडियम धो-धो वाहतं! मग कॅल्शियमचा नुसता अंश, मायक्रोमोलरच्या पातळीचा, परत टाकला की सोडियम बंद. म्हणजे कॅल्शियम स्वतःच दारात बसून सोडियमला अडवतं. पोकळीच्या अरुंद भागात चारही गटांतून एकेक ग्लुटामेट (ऋण भाराचं अमिनो आम्ल) पुढं आलेलं असतं, चार ऋण भारांचं कडं. दोन भारांचं कॅल्शियम तिथं घट्ट बसतं, एका भाराच्या सोडियमला त्याला हलवता येत नाही.

भाच्यानं इथं बरोबर हरकत घेतली: "घट्ट बसलं तर पुढं कसं जाईल? सेकंदाला लाखो म्हणता!" एसटीच्या दारात पायरीवर उभा असलेला माणूस आठवा. कंडक्टर ओरडून थकला तरी तो आत सरकत नाही. मागून त्याच्याच वजनाचा दुसरा चढला की आपोआप आत ढकलला जातो. मागचं कॅल्शियम कड्याशी आलं की दोघांचे धन भार एकमेकांना रेटतात आणि पुढचं सुटून आत पडतं. बाहेर कॅल्शियम कमी झालं की मागून ढकलणारे कमी, म्हणून आत येणारा ओघही कमी. गायीचं दुखणं इथूनच सुरू होतं.

पायरी पाचवी: दार लावा, झाडलोट करा

आकृतीत ही पायरी कुणी काढत नाही, तुम्ही काढा. चॅनेलच्या आतल्या शेपटीला कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन लटकलेलं असतं. चार कॅल्शियम धरण्याच्या चार जागा. आत आलेलं कॅल्शियम त्याला चिकटलं की ते दार अडवतं. आलेला पाहुणाच दार लावून घेतो. मग उपसा: पटलावरचा पंप एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून कॅल्शियम बाहेर टाकतो, आंतरद्रव्यजालिकेचा पंप ते आतल्या कोठारात, म्हणजे त्या जालिकेतच, भरतो, आणि हृदयात मुख्यतः तिसरा मार्ग, तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर. या कोठारालाही स्वतःचे कॅल्शियम चॅनेल आहेत. रायनोडीन ग्राही हा त्यातला एक. नाव ध्यानात ठेवा.

पायरी सहावी: आता गाय वाचा

माणसात विजेवर उघडणाऱ्या कॅल्शियम चॅनेलच्या मुख्य प्रथिनाची १० जनुकं आहेत आणि एल, एन, पी-क्यू, आर, टी अशा जाती. तक्ता पाठ करू नका. कुठलं दार कुठल्या स्नायूला लागतं एवढं बघा.

हृदयाच्या स्नायूला प्रत्येक ठोक्याला बाहेरचं थोडं कॅल्शियम आत यावंच लागतं. ते येऊन कोठाराचं दार उघडतं, मग आकुंचन. हे सापडलं ते एका गफलतीमुळं. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवलं होतं. मग लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतं, नळाच्या पाण्याचं होतं. शुद्ध पाण्यात केलं तर हृदय थांबायचं. १८८३ मध्ये त्यांनी ही चूक स्वतःच छापून कबूल केली: नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हृदय चालवत होतं. बोअरच्या जड पाण्याला शिव्या देताना मला रिंगर आठवतात.

पायाच्या स्नायूचं मात्र वेगळं. तिथं पटलातला चॅनेल कोठाराच्या दाराला थेट जोडलेला. तो हलला की कोठार उघडतं. बाहेरून कॅल्शियम यायची गरजच नाही. मग गाय बसली का? भाचा इथं पाच मिनिटं अडला, आणि खरं तर अडायलाच हवं.

स्नायू शाबूत आहे. हुकूम पोचत नाही. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिनच्या, म्हणजे स्नायूला हुकूम पोचवणाऱ्या रसायनाच्या, पिशव्या पटलाला टेकून तयार असतात. टोकावरचे पी-क्यू चॅनेल उघडून दाराशीच कॅल्शियम वाढलं तरच त्या फुटतात. १९६७ मध्ये डॉज आणि राहामिमॉफ या संशोधकांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर मोजलं, की कॅल्शियम कमी असताना हा स्राव कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घातानं बदलतो. कॅल्शियम निम्मं झालं तर स्राव निम्मा होत नाही, सोळाव्या भागावर येतो. गायीच्या रक्तात १०० मिलिला ९ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. व्याल्यावर १० लिटर चिकात २० ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं आणि तिच्या रक्तद्रवात एका वेळी असतं जेमतेम ३-४ ग्रॅम. हाडांत किलोंनी आहे, पण ते सोडवून आणायला दिवस-दोन दिवस लागतात. आम्ही खरवस खाऊन मोकळे होतो, गाय त्या दोन दिवसांच्या खड्ड्यात पडते. रक्तातलं निम्म्यावर आलं की पाय हुकूम ऐकत नाहीत.

बाकीची लक्षणंही वाचता येतात. पोटाचा, आतड्याचा गुळगुळीत स्नायू बाहेरच्या कॅल्शियमवर अवलंबून, म्हणून शेण नाही, रवंथ नाही. हृदय चालू, पण क्षीण आणि जलद. आणि बाटली हळू का? कॅल्शियम एकदम वाढलं तर हृदयाच्या पेशीत प्रत्येक ठोक्याला इतकं येतं की मधल्या वेळात उपसून होत नाही. ठोका बिघडतो, आकुंचलेलं हृदय सैल होत नाही. म्हणून स्टेथोस्कोप. ज्यांना सलाईन लावता येतं असे पुष्कळ हुशार लोक गावोगाव आहेत. ही बाटली त्यांच्या हाती देऊ नका.

एक उलटी गोष्टही सांगून टाकतो. माणसात कॅल्शियम घटलं की लुळेपणाऐवजी बोटांना वांब येतात, कारण बाहेरचं कॅल्शियम सोडियमच्या चॅनेलांनाही शांत ठेवतं; ते हटलं की चेता आपोआप उडू लागतात. गायीतही सुरुवातीला थोडा वेळ थरथर दिसते, पण ती पहाटेच्या अंधारात कोण पाहणार!

हीच दारं घरात आणि शिवारात

आईच्या रक्तदाबाच्या पाकिटावर अॅमलोडिपिन असेल. ते एल जातीचे चॅनेल मंदावतं, प्रामुख्यानं रक्तवाहिन्यांच्या स्नायूतले. वाहिनी सैल, दाब कमी. पायाच्या स्नायूला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही हे वर पाहिलंच, म्हणून गोळीनं चालण्याची ताकद जात नाही. काहींचे घोटे सुजतात: धमन्यांची बारीक टोकं सैल होतात, शिरा तेवढ्या होत नाहीत, पाणी झिरपतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, गोळी परस्पर सोडू नका. "कॅल्शियम ब्लॉकर" हे नाव ऐकून दूध बंद केलेल्या दोन मावश्या माझ्याच नात्यात आहेत. गोळीचा हाडांच्या कॅल्शियमशी संबंध नाही. दूध प्या.

तुरीवर, हरभऱ्यावर घाटेअळीसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल मारता, ते अळीच्या रायनोडीन ग्राहीला उघडं धरून ठेवतं. कोठार रिकामं होतं, स्नायू आखडतो, अळीचं तोंड चालेनासं होतं. खाणं थोड्या वेळात बंद होतं, पण मरायला एक-दोन दिवस, कधी जास्त लागतात. दुसऱ्या सकाळी जिवंत अळी पाहून "औषध बोगस निघालं" म्हणत दुसरी फवारणी करू नका. अळी मोजू नका, घाट्यावरची ताजी छिद्रं मोजा. आपल्या रायनोडीन ग्राहीवर ते फार कमी चिकटतं. तरी तोंडाला फडकं आणि हातमोजे हवेतच. आणि एकाच गटाचं, म्हणजे कीटकनाशकांच्या वर्गवारीतल्या गट २८ चं औषध हंगामात परत परत नको, अळी सरावते.

आता ताटातला चॅनेल. ठेचा खाऊन लगेच कोमट चहाचा घोट घ्या. चहा पोळतो! तोंडातल्या चेतांवर टीआरपीव्ही-१ नावाचा चॅनेल असतो. तो साधारण ४३ अंशांना उघडतो आणि कॅल्शियम, सोडियम दोन्ही आत सोडतो. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याला चिकटलं की तो कमी तापमानालाच उघडतो. मेंदूला फरक कळत नाही, तो म्हणतो भाजलं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हा चॅनेल वेगळा काढला, २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत मिळालं. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाणी पिऊन उपयोग नाही. दही खा.

गोठ्यात बाटली अर्ध्यावर आली तेव्हा गायीच्या खांद्याची कातडी थरथरू लागली. भाचा घाबरला, डॉक्टर म्हणाले, "चांगलंय, हुकूम पोचायलाय." मग तिनं ढेकर दिला, नाकावर ओल आली. बाटली संपायच्या आत तिनं बसल्या बसल्याच शेण टाकलं, आणि शेण बघून इतकी आनंदलेली माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. अर्ध्या तासानं मागचे पाय आधी टेकवून ती उठली, डगमगली, उभी राहिली. बहीण चरवी घेऊन लगेच कासेकडं निघाली, तर डॉक्टरांनी बॅग आवरता आवरता थांबवलं: "ताई, वासरापुरतंच काढा. दोन दिवस कास पुरती रिकामी करू नका."